एकशे सदुसष्टावा भाग

९ फेब्रुवारी १९९७, रविवार. अमेरिकेतल्या फॉक्स वाहिनीवर 'द सिम्प्सन्स'चा १६७ वा भाग लागला. आकडा काही गोल नाही. पण कार्टूनच्या धंद्यात त्याला वजन होतं. 'द फ्लिन्टस्टोन्स' ही जुनी मालिका १६६ भागांवर थांबली होती, आणि रात्रीच्या ऐन वेळेत लागणाऱ्या कुठल्याही कार्टून मालिकेला तो आकडा जवळजवळ एकतीस वर्षं ओलांडता आला नव्हता. आपल्याकडे मालिकेचे पाचशे भाग झाले की सेटवर केक येतो, कलाकार एकमेकांना भरवतात, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. सिम्प्सन्सच्या लेखकांनी त्या रविवारसाठी एका जुन्या, लाडक्या आणि शिळ्या होत चाललेल्या कार्टूनची गोष्ट लिहिली. त्याला पुन्हा तरुण करायचं म्हणून मालकमंडळी त्यात एक नवा कुत्रा घुसवतात आणि सगळं फसतं.

कुत्र्याचं नाव पूची. मला या लेखात त्याचे पूर्वज शोधायचे आहेत. ते शोधताना सिम्प्सन्सच्या आठव्या सीझनची, म्हणजे ऑक्टोबर १९९६ ते मे १९९७ मधल्या २५ भागांची, चढउताराची गोष्ट ओघाने येईलच. हा त्यांचा सर्वोत्तम सीझन आहे असं मी म्हणणार नाही. चौथा त्याहून सरस आहे. पण आपण एक दिवस म्हातारे होणार हे चौथ्या सीझनच्या गावीही नव्हतं. आठव्याला ते पक्कं ठाऊक होतं, आणि त्याची सगळी मजा आणि सगळी दुखणी तिथूनच निघतात.

सुरुवात एका मांजरापासून करावी लागेल. विल्यम हॅना आणि जोसेफ बार्बेरा या जोडीने १९४० मध्ये एमजीएम स्टुडिओसाठी मांजर-उंदराच्या मारामारीचं एक कार्टून केलं. पुढे टॉम आणि जेरी या नावांनी ती जोडगोळी जगभर गेली. त्या मालिकेला सात ऑस्कर मिळाली. १९५७ मध्ये एमजीएमने आपला कार्टून विभागच बंद केला. दोघांची नोकरी गेली आणि ते टीव्हीकडे वळले. टीव्हीकडे तेव्हा सिनेमाइतका पैसा नव्हता, वेळ तर त्याहून नव्हता. म्हणून त्यांनी पात्राचे तुकडे केले. धड एका पारदर्शक सेलवर, डोकं दुसऱ्यावर, तोंड तिसऱ्यावर. पात्र बोलायला लागलं की बाकी सगळं तसंच ठेवून फक्त तोंड बदलायचं. डोकं आणि धड यांच्यातला सांधा दिसू नये म्हणून योगी अस्वलाच्या गळ्यात कॉलर आणि टाय आला. अंगात शर्ट नसलेलं अस्वल टाय कशाला बांधतं, हा आपल्याला लहानपणी पडलेला प्रश्न. त्याचं उत्तर असं खर्चाच्या वहीत आहे.

चित्र फारसं हलणार नसेल तर पात्रांनी बोलायला हवं. आणि टीव्हीवर बसल्या जागी बोलबोल बोलणारा प्रकार म्हणजे घरगुती विनोदी मालिका: दिवाणखाना, नवरा, बायको, शेजारी. कार्टून कुटुंबाकडे वळलं त्यामागे कलेपेक्षा काटकसरीचा हात मोठा होता, असं माझं मत आहे. ३० सप्टेंबर १९६० ला एबीसी वाहिनीवर 'द फ्लिन्टस्टोन्स' सुरू झाली. रात्रीच्या ऐन वेळेतली ती पहिली अ‍ॅनिमेटेड मालिका. फ्रेड फ्लिन्टस्टोन अश्मयुगात राहतो आणि दगडाच्या खाणीत काम करतो, पण सांगाडा थेट जॅकी ग्लीसनच्या 'द हनीमूनर्स' या १९५५-५६ च्या मालिकेतून उचललेला: मोठ्या तोंडाचा आणि मोठ्या पोटाचा नवरा, त्याच्यापेक्षा शहाणी बायको, वरच्या पट्टीतले वाद आणि दर आठवड्याला फसणारी एक योजना. कार्टून असूनही मागे माणसांच्या हसण्याची टेप वाजायची. कोण हसत होतं देव जाणे.

हे लहान मुलांसाठी नव्हतं. सुरुवातीच्या सीझनना पैसा विन्स्टन सिगारेटवाल्यांचा होता, आणि जाहिरातीत फ्रेड आणि त्याचा शेजारी बार्नी बायकांना काम करायला लावून घरामागे झुरके मारत उभे असायचे. मग १९६३ मध्ये फ्रेडच्या बायकोला, विल्माला, मूल झालं. मूल आधी मुलगा ठरला होता. बाहुली मुलीची जास्त खपेल असा सल्ला खेळणीवाल्यांकडून आला आणि तिची पेबल्स झाली. सिगारेट गेली, द्राक्षाच्या रसाचा कारखानदार आला. सहाव्या सीझनपर्यंत घरातली माणसं वापरून झाली होती. तेव्हा १९६५ मध्ये लेखकांनी आभाळातून एक पाहुणा उतरवला: गाझू. झीटॉक्स नावाच्या ग्रहावरून हद्दपार झालेला हिरवा, टीचभर, हवेत तरंगणारा प्राणी. तो फक्त फ्रेडला, बार्नीला, मुलांना आणि जनावरांना दिसतो. दगडी गाडी पायांनी पळवणाऱ्या माणसाच्या घरात परग्रहवासी! पुढच्या एप्रिलमध्ये मालिका संपली. गाझूमुळे संपली असं नाही, तो आला तेव्हाच ती संपत आली होती. पण अमेरिकन टीव्हीवर 'आता यांच्याकडे सांगण्यासारखं काही उरलं नाही' हे दाखवायला गाझूचं उदाहरण कायमचं हाताशी राहिलं.

नंतरची पंचवीसेक वर्षं भरभर ओलांडू. 'द जेटसन्स' २४ भागांत आटोपली. १९७२ मध्ये त्याच हॅना-बार्बेरांनी 'वेट टिल युअर फादर गेट्स होम' काढली, दोन वर्षं चालली. बाकी कार्टून शनिवारच्या सकाळी गेलं, दुधात भिजवलेल्या सीरियलच्या वाडग्याशेजारी. मोठ्यांनी ते बघायचं सोडलं.

सिम्प्सन्सचा जनक मॅट ग्रेनिंग १९५४ चा, ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंडचा. लहानपणी तो 'फादर नोज बेस्ट' ही मालिका बघायचा. तिच्यातलं आदर्श कुटुंब स्प्रिंगफिल्ड नावाच्या गावात राहायचं आणि पोर्टलंडपासून थोड्या अंतरावरचं ऑरेगनचं स्प्रिंगफिल्ड तेच, अशी त्याची समजूत होती. मोठेपणी तो लॉस एंजेलिसला आला, 'लाइफ इन हेल' नावाची सशांची चित्रपट्टी काढू लागला. ती निर्माता जेम्स ब्रुक्सच्या पाहण्यात आली. ट्रेसी उलमन या विनोदी नटीच्या कार्यक्रमात मधूनमधून दाखवायला काही चिमुकली कार्टूनं हवी होती. सशांचे हक्क आपल्या हातून जातील हे ध्यानात आल्यावर ग्रेनिंगने भेटीला जायच्या आधी बाहेरच्या दालनात बसल्या बसल्या एक कुटुंब काढलं. नावं शोधायला वेळ नव्हता म्हणून घरचीच दिली: वडील होमर, आई मार्ज, बहिणी लिसा आणि मॅगी. स्वतःचं नाव तेवढं टाळलं आणि मुलाला बार्ट केलं. 'ब्रॅट', म्हणजे कार्टं, या शब्दाची अक्षरं हलवली की बार्ट होतं. त्याने कच्ची चित्रं दिली होती, अ‍ॅनिमेटर ती सुधारून घेतील या भरवशावर. त्यांनी तीच गिरवली. १९ एप्रिल १९८७ ला पहिला तुकडा लागला तेव्हा ती वेडीवाकडी माणसं तशीच पडद्यावर आली.

अर्ध्या तासाची मालिका १९८९ च्या डिसेंबरात सुरू झाली, तीही ठरलेल्या वेळेनंतर. कोरियातून पहिला तयार भाग परत आला तो इतका बिघडलेला होता की जवळजवळ सत्तर टक्के काम पुन्हा करावं लागलं. त्याला सीझनच्या शेवटी ढकललं आणि नाताळचा एक भाग पुढे आणला. या कामाची घडण लक्षात ठेवायला हवी, पुढे तिची गरज पडणार आहे. संहिता लॉस एंजेलिसमध्ये लिहायची, सगळ्यांनी मिळून वाचायची, आवाज मुद्रित करायचे, चित्रांचा कच्चा आराखडा करायचा, मग हजारो सेल रंगवून घ्यायला सोल. आज लिहिलेला विनोद प्रेक्षकापर्यंत पोचायला सहा-नऊ महिने. हसण्याची टेप मात्र नव्हती; हसायचं की नाही हे प्रेक्षकावर सोडलेलं. कार्टूनच्या इतिहासात ही लहान गोष्ट नाही. टेप नसल्यामुळे विनोदानंतर थांबावं लागत नाही, आणि तेवढ्या जागेत आणखी दोन विनोद बसतात.

पुढचं पुष्कळांना ठाऊक आहे. ऑक्टोबर १९९० मध्ये फॉक्सने ही मालिका 'द कॉस्बी शो'समोर उभी केली आणि बार्ट नापास होण्याचा भाग सव्वातीन कोटींहून जास्त लोकांनी पाहिला. जानेवारी १९९२ मध्ये राष्ट्राध्यक्ष थोरले बुश यांनी अमेरिकन कुटुंबांनी सिम्प्सन्ससारखं नव्हे, तर जुन्या 'द वॉल्टन्स'मधल्या कुटुंबासारखं व्हावं, अशा अर्थाचं भाषण केलं. तीन दिवसांत पुनर्प्रक्षेपित भागाला एक छोटासा तुकडा जोडून बार्टकडून उत्तर दिलं गेलं: आम्हीही मंदी संपायची वाट बघतोय की! १९९३ च्या जानेवारीत मोनोरेलचा भाग आला, लेखक कोनन ओब्रायन. या काळाबद्दल फार लिहीत नाही. चांगल्या दिवसांची गोष्ट लवकर संपते.

आठव्या सीझनचे शोरनर, म्हणजे मालिकेचे कारभारी, बिल ओकली आणि जॉश वाइनस्टाइन होते. सातवा सीझनही त्यांचाच. मालिकेचे १५३ भाग होऊन गेले होते. बार्ट दहाचाच होता, लिसा आठची, मॅगीच्या तोंडातली चोखणी तशीच. यात नवल नाही. आपला 'सकाळ'मधला चिंटूही वर्षानुवर्षं त्याच इयत्तेत होता. पण चार चौकटींची चित्रपट्टी दररोज नव्याने सुरू होते आणि दररोज संपते. बावीस मिनिटांच्या गोष्टीला मागचं ओझं असतं. होमर अंतराळात जाऊन आला होता, त्याला ग्रॅमी मिळालं होतं, एक माजी राष्ट्राध्यक्ष समोरच्या घरात राहायला आला होता. एवढं झाल्यावर पुन्हा 'ऑफिसात साहेब ओरडले' ही गोष्ट कशी सांगायची?

ओकली-वाइनस्टाइन यांनी या ओझ्यालाच हात घातला. नोव्हेंबरच्या सुरुवातीला होमरला नवी नोकरी लागते आणि कुटुंब दुसऱ्या गावी जातं. मालक हँक स्कॉर्पिओ इतका प्रेमळ की होमरला नजर लागेल. तोच मालक मागच्या खोलीतून जगाला ओलीस धरत असतो, आणि होमरला त्याचं काही वाटत नाही. साहेब कोटाची काळजी घेतात, हे जास्त महत्त्वाचं. अल्बर्ट ब्रुक्सने हा आवाज दिला आणि बरेचसे संवाद मुद्रणाच्या वेळी जागच्या जागी रचले. त्यानंतर चार आठवड्यांनी बार्टचा मित्र मिलहाउस याच्या आईवडिलांचा घटस्फोट झाला. कार्टूनमध्ये घटस्फोट पुढच्या आठवड्यापर्यंत मिटतो. हा मिटला नाही. पुढची दहा-अकरा वर्षं ती दोघं वेगळीच राहिली, मिलहाउसचा बाप एकट्यांच्या इमारतीत.

जानेवारीत आला तो माझा सगळ्यात लाडका. होमर गावच्या चिली स्पर्धेत जातो. आधी तोंडात मेण ओतून घेतो, आणि मग ग्वातेमालाच्या कसल्याशा जीवघेण्या मिरच्या गिळतो. ठेच्यावर वाढलेल्या माणसालाही इथे घाम फुटावा. त्यानंतरचा भाग म्हणजे तापातलं स्वप्न: वाळवंट, आणि एक बोलणारा कोल्हा त्याला आपला खरा जिवलग शोधायला सांगतो. कोल्ह्याला आवाज जॉनी कॅशचा. पिवळ्या रंगाच्या चार बोटांच्या माणसांना इतकं सुंदर वाळवंट मिळालेलं मी नंतर पाहिलं नाही.

आणि मग फेब्रुवारी. या महिन्यात सीझनचं सगळं बरंवाईट एकत्र आलं. ७ तारखेला मेरी पॉपिन्सच्या विडंबनाचा गाण्यांचा भाग लागला. त्यात दोन गाणी बरी आहेत, बाकी विडंबन म्हणजे मूळ गोष्ट ओळखा आणि टाळी द्या एवढंच. पुढे या मालिकेला जी खोड लागली तिचा नमुना इथे बघायला मिळतो. दोनच दिवसांनी पूची आला.

आता पूचीकडे नीट बघू. सिम्प्सन्सच्या जगातली मुलं टीव्हीवर 'इची अँड स्क्रॅची' नावाचं कार्टून बघतात: एक उंदीर, एक मांजर, अफाट रक्तपात. हे अर्थात टॉम आणि जेरीचं विडंबन. त्याची प्रेक्षकसंख्या घसरते. मुलांना एका खोलीत बसवून तुम्हाला काय हवं असं विचारतात. मुलं एकमेकांच्या उलट असलेल्या सगळ्या गोष्टी एकदम मागतात. लिसा उठून शांतपणे सांगते की कार्टूनमध्ये दोष काही नाही, ते फार दिवस चाललंय एवढंच. हे ऐकून घ्यायची कोणाची तयारी नसते. मग साहेबलोकांच्या बैठकीत कुत्रा जन्मतो. टोपी उलटी, डोळ्यांवर काळा चष्मा, तो रॅप गातो, सर्फिंग करतो, 'आजच्या पिढीचा' आहे. आवाज होमरचा. पहिल्याच भागात पूची इतका वेळ खातो की उंदीर-मांजर जिथे पोचायचे त्या फटाक्यांच्या कारखान्यापर्यंत पोचतच नाहीत आणि मिलहाउस रडकुंडीला येतो. शेवटी पूचीला काढून टाकतात. तेही कसं? त्याची सेल हाताने वर सरकवून चौकटीबाहेर ओढलेली दिसते, आणि स्वतःच्या ग्रहाकडे परतताना वाटेत तो वारल्याची चिठ्ठी चिकटवलेली असते.

ग्रहाकडे. रॅप गाणाऱ्या कुत्र्याला ग्रह कुठून आला? झीटॉक्सहून आलेला तो हिरवा पाहुणा इथे उभा आहे.

या भागात आणखी एक माणूस आहे. सिम्प्सन्सच्या न्याहारीच्या टेबलावर रॉय नावाचा एक तरुण मुलगा बसलेला असतो. हा कोण, कुठला, कोणी सांगत नाही. तो होमरला 'मिस्टर एस' म्हणतो आणि भाग संपताना दुसरीकडे राहायला जातो. गोष्ट अशी की खुद्द फॉक्सच्या वरिष्ठांनी सुचवलं होतं, घरात एखादं नवं पात्र आणा, मालिकेला जरा उभारी येईल. लेखकांनी सूचना पाळली, बावीस मिनिटांपुरती.

आता वंशावळ जुळते. हॅना-बार्बेरांनी टॉम आणि जेरी केले. त्याच हातांनी फ्लिन्टस्टोन्स केले, आणि थकल्यावर गाझू आणला. सिम्प्सन्सनी टॉम-जेरीचं विडंबन करून आपल्या घरातला टीव्ही भरला, आणि ज्या दिवशी फ्लिन्टस्टोन्सचा आकडा ओलांडला त्याच दिवशी त्या विडंबनात गाझूचा नातू सोडला. कॉमिकच्या दुकानाचा जाडा मालक हा भाग बघून लगेच इंटरनेटवर निषेध नोंदवायला जातो. तेव्हा मालिकेचे कट्टर चाहते रविवारी रात्री नेमकं हेच करत होते. लेखक प्रेक्षकांवर इतके चिडलेले आणि इतके प्रामाणिक क्वचितच दिसतात.

पुढच्या रविवारी, १६ तारखेला, दुसरं टोक. चित्रपट दिग्दर्शक जॉन वॉटर्सने आवाज दिलेला जॉन हा जुन्या चीजवस्तूंचा दुकानदार सिम्प्सन्सच्या घरी येतो. होमरला तो फार आवडतो, तो समलिंगी आहे हे कळेपर्यंत. मग बार्ट 'बिघडू' नये म्हणून होमर त्याला पोलाद कारखान्यात आणि शिकारीला नेतो. फॉक्सच्या सेन्सॉरने संहिता वाचून विषयच प्रसारणाला योग्य नाही असा शेरा मारला होता. पण भाग कोरियाहून तयार होऊन येईपर्यंत तो सेन्सॉर बदलला होता. नव्याने एका ओळीत हरकत नाही म्हणून कळवलं. सहा-नऊ महिन्यांच्या त्या संथ घडणीचा असा फायदा. त्या वर्षीचं एमी या भागाला मिळालं, आणि मिळायला हवंच होतं. होमर इथे चुकीचा आहे, हट्टी आहे, पण दुष्ट नाही. भीतीपोटी मूर्खपणा करणारा बाप आहे. एवढा तोल पुढे या मालिकेला फार वेळा साधला नाही.

तो तोल कुठे ढळला तेही याच सीझनमध्ये सापडतं. ४ मे १९९७. अणुवीज केंद्रात फ्रँक ग्राइम्स नावाचा नवा कर्मचारी येतो. लहानपणापासून कष्ट, अपघात, रात्रीचा अभ्यास. एक बोलिंगचा अड्डा खाली, एक वर, मध्ये भाड्याची खोली. तो होमरला कामावर झोपलेला बघतो. त्याचं मोठं घर बघतो, दोन गाड्या, जेवणात लॉब्स्टर, भिंतीवर अंतराळातला फोटो. आपल्या ऑफिसात असा एक माणूस असतोच, ज्याला सगळे नियम पाळूनही काही मिळत नाही आणि शेजारच्या टेबलावरचा आळशी बढती घेऊन जातो. ग्राइम्स सगळ्यांना ओरडून सांगतो की हा माणूस धोकादायक आहे. कोणाला काही वाटत नाही. शेवटी वेड लागून तो होमरची नक्कल करत उघड्या विजेच्या तारा धरतो आणि मरतो. त्याच्या अंत्यविधीत होमर झोपेत बरळतो आणि सगळे हसतात.

खरा माणूस कार्टूनच्या जगात आला तर त्याचं काय होईल, असा वाइनस्टाइनचा प्रश्न होता. संहिता जॉन स्वार्ट्झवेल्डरची, या मालिकेसाठी सर्वांत जास्त भाग लिहिणाऱ्याची. तेव्हा पुष्कळ प्रेक्षकांना हा भाग आवडला नाही, फार क्रूर वाटला. आज तो उत्कृष्ट भागांच्या यादीत असतो. मला दोन्ही मतं पटतात. सीझनमधलं सर्वांत धारदार लेखन हे, आणि सर्वांत जास्त नुकसान करणारंही हेच. आठ वर्षं आपण होमरच्या बाजूने हसत होतो. ग्राइम्सने एकदा दाखवून दिल्यावर होमरचं नशीब निरागस राहिलं नाही. नंतरच्या सीझनमध्ये लेखकांनी होमरला जास्त दांडगा, जास्त बेपर्वा केला. चाहत्यांनी त्या होमरला वेगळं, छापता न येणारं नाव दिलं. त्या होमरचा पहिला साक्षीदार ग्राइम्स.

पुढच्या आठवड्यात काल्पनिक उपमालिकांचा भाग आला: सिम्प्सन्समधल्या पात्रांना घेऊन तीन मुद्दाम वाईट केलेल्या मालिका. ग्रेनिंगला ही कल्पना फारशी रुचली नव्हती. विनोद कळतो, पण मुद्दाम वाईट केलेलं बावीस मिनिटं बघणं हे शेवटी वाईट बघणंच आहे. त्यातला शेवटचा मिनिट मात्र चुकवू नये. सूत्रधार ट्रॉय मॅक्लूर पुढच्या सीझनमध्ये काय काय येणार याची यादी सांगतो. यादीच्या अखेरीस ऑझमोडियार नावाचा हिरवा, हवेत तरंगणारा परग्रहवासी येतो, जो फक्त होमरला दिसतो. हा तर गाझूच, नाव तेवढं बदललेलं. म्हणजे पूचीच्या ग्रहाबद्दल मी लावलेला अर्थ अगदीच माझ्या मनचा नव्हता. तीन महिन्यांत दोनदा, या लेखकांना फ्लिन्टस्टोन्सचं म्हातारपण स्वतःच्या दारात उभं दिसत होतं.

पुढच्या दाराला त्यांनी कुलूप लावलं, कडी घातली, शिवाय कुत्रा बांधला. चोर मागच्या दाराने आला.

२८ सप्टेंबर १९९७, नवव्या सीझनचा दुसरा भाग. शाळेचे मुख्याध्यापक सिमोर स्किनर हे खरे स्किनर नाहीतच, असं उघड होतं. खरा स्किनर व्हिएतनाममध्ये युद्धकैदी झाला होता. हा त्याच्या हाताखालचा आर्मिन टॅमझेरियन नावाचा वाया गेलेला पोरगा, ज्याने त्याचं नाव, त्याची आई आणि त्याचं आयुष्य घेतलं. तोतया! मराठी वाचकाला पानिपतानंतर प्रकटलेला सदाशिवरावभाऊंचा तोतया आठवेल. लेखक केन कीलरच्या डोळ्यांसमोर इंग्लंडमधला टिचबोर्न खटला होता: समुद्रात बुडालेल्या सरदारपुत्राच्या नावाने ऑस्ट्रेलियातून आलेला एक खाटीक, आणि त्याला आपला मुलगा मानणारी आई. तिकडे तोतया तुरुंगात गेला, इकडे भाऊंच्या तोतयाला देहांताची शिक्षा झाली. सिम्प्सन्सच्या गावाने, स्प्रिंगफिल्डने, उलटं केलं. खऱ्या स्किनरला रेल्वेच्या डब्यावर बांधून गावाबाहेर काढलं, तोतयाला ठेवून घेतलं आणि न्यायाधीशाने हुकूम काढला की हा विषय पुन्हा कोणी काढायचा नाही.

कीलरचं म्हणणं, ही गोष्ट सवयीला चिकटून बसणाऱ्या लोकांवरच आहे, प्रेक्षकांवरच. हे बुद्धीला पटतं. पण स्किनरचा आवाज देणाऱ्या हॅरी शीअररने लेखकांना तोंडावर सांगितलं की तुम्ही प्रेक्षकांनी आठ वर्षं सांभाळलेलं काहीतरी विनाकारण फेकून देताय, आणि मी शीअररच्या बाजूचा आहे. नवं पात्र घुसवणं वाईट, हे लेखकांना पाठ होतं. जुन्या पात्राला आतून उकरणं त्याहून वाईट, हे त्यांच्या लक्षात आलं नाही. आपल्या मालिकांमध्ये मेलेला नायक प्लॅस्टिक सर्जरी करून परत येतो तेव्हा आपण हसतो. ते निदान मनापासून केलेलं असतं.

गंमत अशी की हा भाग नवव्या सीझनमध्ये लागला तरी आठव्याचा आहे. निर्मिती क्रमांक ४एफ२३, म्हणजे आठव्याच्या खात्यातला. लिहिला आणि करवून घेतला ओकली-वाइनस्टाइन यांनीच; तो पडद्यावर यायच्या आत कारभार माइक स्कलीकडे गेला होता. नवव्यापासून घसरण सुरू झाली असं म्हणणारे बहुतेकदा याच भागाकडे बोट दाखवतात, आणि खापर स्कलीच्या डोक्यावर फोडतात. हिशेब चुकलाय. ज्यांनी चढ चढवला त्यांनीच उताराचं पहिलं पाऊल टाकलं, एकाच वर्षात, एकाच टेबलावर.

आपल्या बाजूने एक गोष्ट राहून जाते. आपूची. १९९० पासून स्प्रिंगफिल्डच्या किराणा दुकानात उभा असलेला हा भारतीय. नाव सत्यजित राय यांच्या चित्रत्रयीतून घेतलेलं, आडनाव तोंडात मावणार नाही असं, आवाज हँक अझारियाचा. नोव्हेंबर १९९७ मध्ये त्याचं लग्न लावलं, हत्तीसकट. तेव्हा पडद्यावर आपलं कोणीतरी आहे याचंच अप्रूप असलेले लोक मला माहीत आहेत. अमेरिकेत वाढलेल्या मुलांना शाळेत त्याच आवाजात चिडवलं गेलं, ते वेगळं बोलू लागले, आणि २०१७ मध्ये विनोदकार हरी कोंडाबोलूने त्यावर माहितीपट केला. २०२० मध्ये अझारियाने तो आवाज सोडला, पुढच्या वर्षी माफी मागितली. पात्राचं वय गोठवता आलं तरी त्याच्यावरचा विनोद नासायचा थांबला नाही. फ्लिन्टस्टोन्स सहा वर्षांत आटोपल्यामुळे त्यांच्यावर ही वेळ आली नाही.

२९ एप्रिल २०१८ ला सिम्प्सन्सचा ६३६ वा भाग लागला आणि 'गनस्मोक'चा ६३५ चा जुना आकडा मागे पडला. २०२५ मध्ये फॉक्सने मालिका चाळिसाव्या सीझनपर्यंत नेण्याचं जाहीर केलं. आकड्यांचं कौतुक आता मालिकेलाही उरलेलं नसावं.

तुम्ही हे काहीच पाहिलं नसेल तर पहिल्या सीझनपासून सुरुवात करू नका, कंटाळून सोडून द्याल. आठव्यातला मिरचीचा भाग आधी बघा, मग पूची, मग ग्राइम्स, आणि सरतेशेवटी नवव्यातला दुसरा. चारांना मिळून दीड तास लागतो. स्किनरच्या भागाला माझ्यापेक्षा उदार असाल तर मला जरूर कळवा.